निकालाआधीची तृप्ती

निजामाच्या अमलाखाली पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ, सावकारी आणि वेठ यांच्याशी झुंजत आलेल्या, १९४८च्या सप्टेंबरात भारतात विलीन होईपर्यंत ज्याच्या वाट्याला शाळा, दवाखाना आणि पाण्याचा पाट ही तिन्ही अगदी तुटपुंजी आली, त्या आमच्या मराठवाड्याला आज जे काही बरे दिवस दिसू लागले आहेत, त्यांच्याविषयी नाराजीचा सूर काढणे मला कृतघ्नपणाचे वाटते. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सराफी, कापड, भांडी, किराणा असा सारा संसार तेथे मांडलेला असतो. बाजार समितीच्या आवारात तूर आणि सोयाबीन यांचा जो सौदा होतो, त्याच्या भावाची चौकशी दूरदूरचे व्यापारी करतात. नांदेडच्या नव्या मोंढ्यात हंगामाच्या दिवसांत हळदीच्या पोत्यांतून वाट काढणे कठीण होते. ज्या आजोबांनी तगाईचा हप्ता फेडण्यासाठी बैलजोडी विकली, त्यांचा नातू डॉक्टर होऊन त्याच तालुक्याच्या गावी दवाखाना थाटतो, ही गोष्ट मी ईश्वरी कृपेच्या सदरात जमा करतो, आणि तसे म्हणताना मला यत्किंचितही संकोच होत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे जगाकडे पाठ फिरवून, भोगांना नावे ठेवीत परलोकाची वाट पाहणे, असा एक समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे, म्हणून हे आरंभीच सांगितले. ज्याने आपला पहिला चमत्कार गालीलातील काना या गावी, एका लग्नघरी, पाहुण्यांना द्राक्षारस पुरला नाही म्हणून केला, जो जकातदारांच्या पंक्तीला निःसंकोचपणे बसे आणि त्यापायी खादाडपणाचा आरोपही ज्याने सोसला, त्या येशूच्या अनुयायाला चांगल्या जेवणाचा, गाण्याबजावण्याचा, नव्या घराचा वा मुलाच्या पहिल्या पगाराचा आनंद निषिद्ध असण्याचे काहीच कारण नाही. सुखाला मी दोष देत नाही. परंतु आपल्या जिवाला काही अर्थ आहे, आपण कोणाला तरी हवे आहोत, आपले असणे वाया गेलेले नाही, ही सारी हमी आपण आता सुखाकडून मागू लागलो आहोत, आणि ती देण्याचा मगदूर त्याच्यात मुळातच नाही. भूखंड घेतल्यावर बंगला हवा होतो, बंगला झाल्यावर शेजाऱ्याचा मजला डोळ्यांत खुपतो. एका मुलीच्या लग्नाच्या मांडवात दहा सुग्यांचे उत्पन्न उधळणारा बाप मांडव उतरल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा पाहत बसतो, आणि तरीही दुसऱ्या मुलीच्या वेळी मांडव आखूड घालण्याची हिंमत त्याला होत नाही, कारण मांडवाच्या लांबीवर त्याने आपली किंमत ठरविलेली असते.

तहान म्हणजे काय हे लातूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, पाणवठ्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागू करावा लागला, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून शहराला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. टँकरची वाट पाहत मध्यरात्री रिकाम्या घागरींच्या रांगेत ज्या स्त्रिया बसल्या, त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचावी, असे मला फार वाटते, कारण ती कथा त्यांना जितकी कळेल तितकी नळाला चोवीस तास पाणी असलेल्या शहरातील पंडितांना कळणार नाही. ऐन दुपारी, इतर बायका येऊन गेल्यावर, ही बाई एकटीच याकोबाच्या विहिरीवर येते. तेथे प्रवासाने थकलेला येशू बसलेला आहे; त्याच्याजवळ पोहरा नाही, दोर नाही, आणि बोलण्याचा आरंभ तो उपदेशाने न करता तिच्याकडे पाणी मागून करतो. तिचे पाच नवरे होऊन गेले आहेत आणि ज्याच्यापाशी ती आता राहते तो तिचा नवरा नाही, हे तो जाणतो, तिला स्पष्ट सांगतो, पण तिची निर्भर्त्सना करीत नाही. या विहिरीच्या पाण्याने तहान पुनःपुन्हा लागणारच, परंतु मी जे देतो त्याचा झरा माणसाच्या आतच वाहू लागतो, एवढेच तो तिच्यापुढे ठेवतो. मग एक लहानशी गोष्ट घडते, जिच्यावरून भाष्यकार सहसा घाईने पुढे जातात: ती बाई आपली घागर विहिरीवरच ठेवून गावाकडे धावत सुटते. पाणी भरायला आलेली बाई भर उन्हात घागर टाकून जाते म्हणजे तिच्या जिवाला काय मिळाले असले पाहिजे, याचा अंदाज रांगेत बसलेल्या बाईइतका कोणालाही येणार नाही.

आता मी ज्या विषयाकडे वळतो तो लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांच्या अगदी काळजाजवळचा आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून जी अध्यापनाची शिस्त निर्माण झाली आणि पुढे 'लातूर पॅटर्न' या नावाने सर्वतोमुखी झाली, तिने खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली, हे मान्य न करणे अन्यायाचे होईल. नांदेडनेही तोच मार्ग धरला. परंतु त्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या मुलांकडे माझे जाणेयेणे असते, आणि तेथे मी जे पाहतो त्याने जीव कासावीस होतो. अशा एका खोलीत तीन लोखंडी कॉट, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले टॉवेल, घरून आलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, आणि टेबलावर भिंतीला चिकटविलेला एक कागद होता. त्या कागदावर देवाचे नाव नव्हते, आईबापांचे नव्हते, ठळक शाईने फक्त सातशे वीसपैकी किती गुण हवेत तो आकडा लिहिला होता. कंधार तालुक्यातला तो मुलगा 'रिपीटर' होता, म्हणजे नीटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होता. मी त्याला घरची खुशाली विचारली, तर तो म्हणाला, "गावाकडं फोन लावायचं म्हणलं की भ्या वाटतंय, सर. आई बी आधी मार्कच इचारती."

त्या आईला मी दोष देऊ शकत नाही. तिने दोन एकरांवर कर्ज काढून मुलाला शहरात ठेवले आहे आणि तिची माया खरीच आहे. पण त्या मायेवर गुणपत्रिकेची अट पडली आहे असे मुलाला वाटू लागले, आणि अट पडलेली माया मिळूनही तृप्ती होत नाही, कारण ती केव्हा काढून घेतली जाईल याचा नेम नसतो. यशस्वी झालेल्यांचेही तेच होते. पहिल्या प्रवेशानंतर पदव्युत्तर प्रवेश, त्यानंतर स्वतःचे रुग्णालय, आणि त्याही पुढे मुलाने तेच सारे पुन्हा करावे हा ध्यास, अशी ती मालिका चालू राहते. ज्याने स्वतःची किंमत एकदा निकालावर टांगली, त्याचा निकाल आयुष्यभर लागतच राहतो.

या ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धेला जे सांगायचे आहे, ते मला यार्देन नदीच्या काठी घडलेल्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते. येशू तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता. त्याने अजून एकही प्रवचन केले नव्हते, एकही रोगी बरा केला नव्हता, एकही शिष्य जोडला नव्हता. नासरेथात सुताराच्या घरी हातोडा आणि रंधा चालवीत त्याने आयुष्य काढले होते, आणि आता तो सामान्य लोकांच्या रांगेत उभा राहून योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेत होता. त्याच क्षणी आकाशातून झालेल्या वाणीने त्याला प्रिय पुत्र म्हटले आणि त्याच्याविषयी प्रसन्नता प्रकट केली. कार्य पुढे व्हायचे होते. प्रसन्नता आधीच मिळाली होती. जगाचा सारा कारभार ज्या क्रमाने चालतो, म्हणजे आधी कर्तबगारी आणि मग मान्यता, तो क्रम येथे उलटला आहे, आणि ख्रिस्ताला शरण जाणाऱ्या प्रत्येकाला तोच उलटा क्रम वारसाहक्काने मिळतो, असे नवा करार सांगतो. यालाच आम्ही कृपा म्हणतो. ती कमवावी लागत नाही, म्हणून ती गमावण्याची धास्ती नाही, आणि जिच्याविषयी धास्ती नाही अशी एकच वस्तू माणसाला चिरकाल तृप्त करू शकते. मला या लेखात जे काही सांगायचे आहे ते एवढेच.

हे सत्य समजण्यास केवळ धर्म बदलणे पुरेसे नसते, याची साक्ष महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतकी प्रांजळपणे दुसऱ्या कोणी दिली असेल असे मला वाटत नाही. १८५८ साली जन्मलेल्या या असामान्य स्त्रीने बालपणापासून वडिलांसमवेत तीर्थाटन केले, संस्कृत ग्रंथ मुखोद्गत केले, आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात आईबाप आणि थोरली बहीण यांना अन्नान्न करीत मरताना पाहिले. पुढे कलकत्त्याच्या पंडितसभेने तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, सारा देश तिच्या विद्वत्तेने दिपून गेला. पण त्याच सुमारास भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेला, आणि तान्ह्या मनोरमेला पदरात घेऊन ती इंग्लंडला गेली. १८८३ साली वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. त्यापुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, जेव्हा तिची कीर्ती अमेरिकेपर्यंत पोहोचली होती आणि १८८९ साली स्थापन झालेले शारदासदन चालू होते, तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, परंतु ख्रिस्त मिळालेला नाही, असा शोध तिला लागला आणि तो तिने पुढे आपल्या साक्षीत निर्भयपणे लिहून ठेवला. सिद्धांत पटले होते, आचार अंगवळणी पडला होता, सेवाकार्य वाखाणले जात होते, आणि तरीही आत पोकळी होती. कारण धर्मदेखील तिच्या इतर संपादनांप्रमाणे एक संपादनच राहिला होता. ज्या दिवशी तिने आपली विद्वत्ता, आपले दुःख आणि आपले पुण्य ही तिन्ही बाजूला ठेवून, आपण जशी आहोत तशीच देवाला हवी आहोत हे मान्य केले, त्या दिवसापासून तिच्या लेखणीतला सूर बदलला. १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत मध्य प्रांतापासून गुजरातेपर्यंत फिरून तिने अनाथ मुली आणि विधवा यांना केडगावच्या मुक्तिसदनात आणले आणि हजारोंच्या संख्येने त्यांना जेवू घातले, ते या पालटानंतरचे काम आहे. तिच्या कन्येने आमच्याच निजामी मुलखात, गुलबर्ग्याला, १९१२च्या सुमारास शाळा काढली. ती कन्या १९२१ साली आईच्या डोळ्यांदेखत निवर्तली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. परंतु त्या मधल्या महिन्यांत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. जिची आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी एकुलती एक मुलगी मृत्यूने नेली, त्या बाईजवळ मागे काय उरले होते, हा प्रश्न प्रत्येकाने शांतपणे स्वतःला विचारावा.

रमाबाईंची ही साक्ष आज आमच्या मंडळ्यांतून मोठ्याने वाचली जाणे अत्यंत आवश्यक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठवाड्यात ख्रिस्ती लोक थोडे आहेत. कोणी मेथॉडिस्ट, कोणी उत्तर भारतीय मंडळीच्या मराठवाडा धर्मप्रांतात, कोणी १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात. आणि अलीकडे त्यांच्या भोवतीने स्वतंत्र प्रार्थनासभा पुष्कळ निघाल्या आहेत. त्यांतील कित्येक ठिकाणी मनापासून भक्ती चालते, आणि दारूच्या पायी उद्ध्वस्त झालेली घरे तेथे पुन्हा उभी राहिलेली मी पाहिली आहेत. परंतु जेव्हा एखाद्या सभेच्या फलकावर नोकरी, परदेशाचा व्हिसा, कर्जमुक्ती आणि असाध्य रोगावर चंगाई यांची यादी मांडली जाते, आणि दशमांश दिल्यास दसपटीने परत मिळेल असे व्यासपीठावरून सांगितले जाते, तेव्हा मला तीव्र दुःख होते. शोमरोनी बाई जी घागर टाकून गेली तीच घागर हे लोक प्रभूच्या नावाने विकत आहेत. ज्याला डोके टेकायला जागा नव्हती, त्याच्या नावाने भूखंडाचे आश्वासन देणे हा माझ्या दृष्टीने घोर अपराध आहे, आणि आमच्या जुन्या मंडळ्यांनीही स्वतःला यातून मोकळे समजू नये. समितीच्या निवडणुकांवरून आणि मिळकतींच्या दाव्यांवरून मंडळ्यांतील भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तेव्हा आम्हीसुद्धा कृपेवर न जगता कब्जेवहिवाटीवर जगत असतो.

तृप्तीचे खरे रूप मला एखाद्या साध्या प्रसंगी दिसले आहे. आमच्याकडे सुगी झाल्यावर मंडळीत आभाराची उपासना होते. कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी तुरीची परडी, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, कोणी घरचे लोणचे, आणि उपासना संपल्यावर त्या साऱ्या वस्तूंचा आवारातच लिलाव होऊन पैसा मंडळीच्या कामी लावतात. एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. मोंढ्यात धान्य निवडण्याचे काम करणारी एक वृद्ध विधवा लुगड्याच्या ओच्यात बांधून ओंजळभर तूर घेऊन आली, वेदीपुढे ती ओतली, आणि मागे जाऊन बायकांत बसली. लिलावात ती ओंजळ पुकारली गेली तेव्हा पाळकसाहेबांना बोली थांबवावी लागली, कारण लोक चढाओढीने रक्कम वाढवू लागले आणि म्हातारी कावरीबावरी होऊन उठून उभी राहिली. "मोल कशाला करताव? त्येचंच हाय, त्येला दिलं," असे ती म्हणाली. तिच्या स्वरात दीनता नव्हती. तिला आपल्या ओंजळीचा अभिमान नव्हता की लाज नव्हती, आणि आम्हा बाकीच्यांना, ज्यांच्या परड्या भरलेल्या होत्या, तिच्याएवढे स्वस्थ त्या दिवशी बसता आले नाही.

या श्रद्धेने दुःखाचा उलगडा होतो, असा दावा मात्र मी करणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची खेडी ज्या धक्क्याने कोसळली, त्यात आठ ते दहा हजारांच्या घरात माणसे गेली. आमच्या भागातील जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीचे भले थोरले माळवद. उन्हाळ्यात थंड आणि दिसायला भक्कम. जितका वाडा मातबर तितकी भिंत जाड, आणि त्याच भिंतींनी झोपेतल्या माणसांना गाडले. पाल्याच्या झोपडीत राहणारे पुष्कळदा वाचले. या गोष्टीवरून श्रीमंतांना शिक्षा झाली असा निष्कर्ष काढणाऱ्या लोकांची मला चीड येते. येशूच्या काळी यरुशलेमात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती, आणि ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न उपस्थित करून त्याचे निःसंदिग्ध नकारार्थी उत्तर स्वतः येशूने दिले आहे. म्हणून किल्लारीच्या मृतांविषयी ख्रिस्ती माणसाने मौन पाळावे आणि जिवंतांसाठी कामाला लागावे. त्या वेळी असंख्य संस्था धावून आल्या, त्यांत मंडळ्यांनी चालविलेली 'कासा' ही संस्थाही होती; सरकारने आणि संस्थांनी मिळून गावेच्या गावे नव्या जागी वसविली. परंतु नव्या घरांच्या किल्ल्या हातात पडल्यावरही ज्यांचे कोणी उरले नव्हते त्यांचे काय, आणि नुकसानभरपाईची रक्कम हाती येताच जे दारूच्या गुत्त्याकडे वळले त्यांना कोणती पोकळी तिकडे ओढून नेत होती, हे प्रश्न पंचनाम्यात मावणारे नव्हते. आपल्या स्वतःच्या पुत्राला वधस्तंभावर मरताना पाहिलेल्या देवावर मी विश्वास ठेवतो; अशा देवासमोर शोक करताना माणसाला आपले दुःख आवरून सावरून न्यावे लागत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

अशी तृप्ती माणसाला निष्क्रिय करीत नाही काय, असा आक्षेप विचारी वाचक घेतील. ज्याला आधीच सर्व मिळाले तो हातपाय कशाला हालवील? याचे उत्तर मराठवाड्याच्याच भूमीत, जालन्याजवळ सापडते. निजामाच्या राज्यातील ब्राह्मण कुळात जन्मलेले नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाच्या हुकमाने मिशनऱ्यांच्या ताब्यातून परत नेण्यात आले, त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला, आणि त्या वादात बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपताच्या शुद्धीचा पक्ष घेतला, ही हकीकत महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात प्रसिद्ध आहे. नारायणरावांचे घर, जात, मान, सारे गेले. अशा माणसाने उर्वरित आयुष्य मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांच्या सहवासात मानाने काढले असते तर कोणी नाव ठेवले नसते. ते जालन्याला आले, आणि गावकुसाबाहेरच्या मांग आणि महार कुटुंबांत जाऊन राहिले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वसाहत उभारली, जेथे वेठबिगारीखाली पिचलेली माणसे आपल्या मालकीच्या विहिरीचे पाणी पिऊ शकली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत आपल्या देशी पोशाखात उभे राहून त्यांनी भाषण केले, आणि पुन्हा जालन्याच्या धुळीत परतले. जातीने टाकलेल्या या ब्राह्मणाला आपली प्रतिष्ठा परत मिळवायची नव्हती. ती दुसरीकडे पक्की झाली होती, म्हणूनच ज्यांना कोणीच प्रतिष्ठा दिली नव्हती त्यांच्या दारी ते इतक्या सहजतेने बसू शकले.

समाधानाची ही शिकवण आमच्या संतांनी दिलेलीच आहे, मग ख्रिस्ताची आवश्यकता काय, असेही कोणी विचारील, आणि तो प्रश्न मी आदराने ऐकतो. नांदेडच्या हुजूर साहिबच्या लंगरात मी अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवलो आहे आणि त्या पंक्तीत मला परकेपणा वाटला नाही. ज्ञानोबा-तुकोबांची वाणी माझ्या घरी बायबलाच्या शेजारी असते. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्तापर्यंत आलो. मला एवढेच सांगायचे आहे की, चढून जाण्याची ताकद ज्याच्यात नाही अशा माणसासाठी देव स्वतः उतरून येतो, ही बातमी मला ख्रिस्तात मिळाली, आणि मी दुबळा असल्यामुळे मला तिची गरज होती.

टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासमवेत गेल्या नाहीत. सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढलेल्या त्या बाईने वियोगाची काही वर्षे माहेरच्यांच्या आश्रयाने, पंढरपूर-नाशिककडे, रडत आणि विचार करीत काढली. नंतर त्या नवऱ्याजवळ आल्या, परंतु त्याचा धर्म त्यांनी लगेच घेतला नाही. पाण्याचा विटाळ मानावा की नाही या साध्या प्रश्नाशी त्या एकट्याने झगडल्या, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे हा निर्णय त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घेतला, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी नगरला प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा केली, परक्यांची मुले आपल्या घरात वाढविली, आणि मिशनच्या पगाराचा त्याग करून १९१७ साली 'देवाचा दरबार' उभारण्यास निघालेल्या नवऱ्याचा अव्यवहार्य संसार निभावून नेला. १९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते. ज्यांचे शिक्षण घरीच, तेही नवऱ्याच्या लहरीप्रमाणे झालेले, त्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य हाती घेतले आणि त्यात साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. त्याच उतारवयात त्यांनी 'स्मृतिचित्रे' सांगितली. त्या ग्रंथात नवऱ्याच्या कोपाचे, भाकरीच्या चिंतेचे आणि मुलांच्या मृत्यूचे वर्णन आहे, पण कोणाकडे काही मागणे नाही. १९३६ साली त्या गेल्या, आणि 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापून निघाले.